लेकोच्या डोंगरांत उंची वाचू नका, चढ मोजा

नाशिकच्या एका मुलाने विचारलंय ते थोडक्यात असं: सप्टेंबरपासून मिलान पॉलिटेक्निकच्या लेको इथल्या शाखेत शिकायला येतोय. सह्याद्रीत सात-आठ वर्षं भटकलोय. कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, सगळं झालंय. लेकोच्या मागचे ग्रिन्या आणि रेसेगोने रविवारी एका दिवसात होतात का? दोर किंवा गाइड लागतो का? थंडीत जाता येतं का? आणि मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना वरून तलाव कुठून दाखवू?

मी चौदा वर्षं लेकोत राहतोय, मूळचा पुण्याचा. इटालियन आल्प्स क्लबचा, म्हणजे इथे सगळे ज्याला 'काई' म्हणतात त्याचा, सभासद आहे आणि महिन्यातले दोन-तीन रविवार याच डोंगरांत जातात. तेव्हा उत्तर लांबणार.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. कळसूबाई १६४६ मीटर आणि रेसेगोने १८७५. फरक सव्वादोनशे मीटरचा, म्हणजे आपलाच मामला, असा हिशेब मीही पहिल्या वर्षी केला होता. पण कोमो तलावाचं पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे आणि लेको त्याच्या काठावर. स्टेशनच्या दारातून निघालात तर रेसेगोनेच्या माथ्यावरच्या क्रूसापर्यंत साडेसोळाशे मीटरहून जास्त चढायचं. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई एकदा चढून उतरायची आणि बूट न काढता पुन्हा निम्म्याच्या वर चढायचं, असं समजा. ग्रिन्योने, म्हणजे उत्तरेची मोठी ग्रिन्या, २४१० मीटर. बालीझियोहून तिचा चढ सतराशेच्या घरात जातो. म्हणून इथल्या शिखराची उंची ऐकून काहीच ठरवू नका. 'सुरुवात कुठून' हे आधी विचारा. इथली माणसंही 'किती उंच' असं विचारत नाहीत, 'किती मीटरचा चढ' असंच विचारतात.

दुसरं म्हणजे पाट्यांवर किलोमीटर शोधू नका, ते नसतात. लाल-पांढऱ्या पाटीवर वाटेचा क्रमांक, ठिकाणाचं नाव आणि तास-मिनिटं एवढंच. ही वेळ चालण्याची असते, बसण्याची नव्हे. आपला हिशेब सोपा ठेवावा: पाठीवर सॅक घेऊन तासाला तीनशे ते साडेतीनशे मीटर चढ, उतरताना पाचशेच्या आसपास. सह्याद्रीत पोसलेला माणूस पहिले दोन तास पाटीपेक्षा भरभर जातो आणि चौथ्या तासाला पाटी त्याला गाठते. हे मी स्वतःबद्दल बोलतोय.

काईची अवघडपणाची श्रेणी तेवढी पाठ करून टाका, कारण नकाशावर, पाटीवर, सगळीकडे तीच येते. 'टी' म्हणजे रुंद, सोपी वाट. 'ई' म्हणजे नेहमीची डोंगरवाट. 'ईई' म्हणजे सवयीच्या माणसासाठी: इथे हात लावावे लागतात, कड्यालगत चालावं लागतं, साखळ्या भेटतात. 'ईईए' म्हणजे पोलादी तार ठोकलेली वाट, तिला फेराता म्हणतात. तिथे हार्नेस, हेल्मेट आणि धक्का शोषणारी दुहेरी दोरी घेतल्याशिवाय जायचं नाही. तुम्ही अलंगचा कातळटप्पा केलाय म्हणजे 'ईई' तुम्हाला नवं नाही. मात्र अलंगला दोर लावून कोणीतरी वर बसलेलं असतं. इथे 'ईई'वर तुमचे तुम्हीच.

आता दगड. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ओला झाला तरी त्याचा खडबडीतपणा बऱ्यापैकी टिकतो, शेवाळ सोडलं तर. ग्रिन्याचा दगड चुनखडीचा आणि डोलोमाइटचा, चोवीस कोटी वर्षांच्या आसपासच्या उथळ समुद्रात साचलेला. कोरडा असताना त्यावर बूट असा चिकटतो की आनंद व्हावा. पण जिथे शंभर वर्षं माणसं पाय देत आलीत, तिथे तो जिन्याच्या पितळी कठड्यासारखा गुळगुळीत झालाय. त्यावर धुक्याचा ओलावा बसला की साबणावर उभं राहिल्यासारखं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात 'कातळावर पाय ठेव, मातीवर नको' असं शिकवतात. इथे ओल्या दिवशी ही शिकवण उलटी पडते.

चुनखडीची दुसरी तऱ्हा पाण्याची. पडलेला पाऊस भेगांतून सरळ खाली जातो. ग्रिन्योनेच्या उत्तरेला मोंकोदेनो नावाचं खोलगट रान आहे. ते आतून इतकं पोखरलंय की तिथल्या काही विवरांची खोली हजार मीटरहून जास्त भरलीय. वर मात्र एक झरा मिळत नाही. टाक्यांच्या भरवशावर गड करणारा आपला माणूस इथे पहिल्याच उन्हाळ्यात तहानेने हैराण होतो. माणशी दोन लिटर, ऑगस्टमध्ये तीन. गावातल्या नळाचं पाणी बेलाशक प्या, पण वर 'नोन पोताबिले' लिहिलेलं असेल तर ते पिण्यासाठी नाही.

आणि गवत. याबद्दल नवीन माणसाला कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. सुळके आणि कडे बघून माणूस आपोआप जपून चालतो. हिरव्यागार उतारावर तो निर्धास्त होतो. इथले गवताळ उतार पंचेचाळीस अंशांचे असतात आणि खाली कुठेतरी पन्नास-शंभर मीटरचा कडा दडलेला असतो. सकाळच्या दवात किंवा ऑक्टोबरमधल्या वाळलेल्या गवतावर पाय सटकला की थांबायला काही सापडत नाही. वाट सोडून 'शॉर्टकट' मारायची आपली खोड लेकोच्या स्टेशनवरच ठेवून निघा.

आता डोंगर. कुठला आधी, कुठला नंतर, हे माझं मत आहे. लेकोतली माणसं यावर भांडतील.

पहिला रविवार मोंते बार्रोला द्या. उंची फक्त ९२२ मीटर, त्यामुळे विद्यार्थी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण हा एकटा, तलावाच्या टोकाशी सुटा उभा असलेला डोंगर आहे. लेको शहर, पलीकडे रेसेगोनेचे दात, डावीकडे ग्रिन्या, आणि पाठ फिरवली की ब्रियान्त्साची छोटी तळी व त्यापुढे मिलानचं मैदान, असा सगळा नकाशा पायाशी उलगडतो. पुढच्या दोन वर्षांत जे जे करायचंय ते इथून बोट दाखवून मोजता येतं. वाटेत पाचव्या-सहाव्या शतकातल्या, गॉथ लोकांच्या काळातल्या वस्तीचे चौथरे लागतात. किल्ल्यांवरची जोती बघायची सवय असलेल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं. शहरातून पायी गेलात तर चढ सातशे मीटर. पहिल्या दिवसाला पुष्कळ झाला.

दुसरा, कोर्नी दि कान्त्सो, कान्त्सोची शिंगं. पश्चिमेचं शिंग १३७३ मीटर. मिलानच्या कादोर्ना स्टेशनहून आस्सोला जाणारी गाडी थेट कान्त्सोला सोडते, त्यामुळे मिलानमधले मित्र बरोबर घ्यायचे असतील तर हेच बरं. माथ्याखालचा शेवटचा टप्पा हातापायांचा आहे आणि दगड झिजलेला. बाकी वाट बीचच्या रानातून जाते. खालच्या टप्प्यात रानातल्या लाकडांवर कोरलेले चेहरे आणि प्राणी भेटतात, लहान मुलं बरोबर असतील तर तिथेच दुपार होते.

रेसेगोने हा लेकोचा घरचा डोंगर. नावातच करवत आहे, इथल्या बोलीत 'रेसेगा' म्हणजे करवत. शहरातून बघाल तर दातांची रांग आकाशाला लावून ठेवलीय असं दिसतं. माथ्याला पुंता चेर्मेनाती म्हणतात आणि त्याच्या पंधराएक मीटर खाली अत्सोनी नावाचं रेफुजिओ आहे, म्हणजे डोंगरातली खानावळवजा धर्मशाळा. वाटा डझनभर. वेर्साझियोहून पायी निघालात तर साडेबाराशे मीटरच्या पुढे चढ. तिथूनच रोपवेने प्यानी देर्नाच्या पठारावर गेलात तर निम्मा वाचतो आणि दोन-अडीच तासांत माथा. या शेवटच्या चढात नाळेतून जाणारी एक वाट आहे, कानालोने दि बोब्बियो. आपल्या नाळेसारखीच, सुट्या दगडांची, घसाऱ्याची. तुम्ही ती हसत कराल, पण वरून दगड येतात म्हणून पुढच्या गटाशी अंतर ठेवा. पलीकडच्या बाजूला मोर्तेरोने हे गाव आहे, इटलीतल्या सर्वांत कमी वस्तीच्या गावांपैकी एक, मोजून तीसेक माणसं. तिकडून येणारी वाट सावलीची आणि सौम्य, फक्त तिथवर पोचायला गाडी लागते.

रोपवेबद्दल माझी एक फजिती सांगतो. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये माथ्यावर ऊन खात बसलो आणि शेवटची फेरी उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे असेल असं धरून चाललो. पठारावर आलो तेव्हा दार बंद, आणि अंधार पडायला अर्धा तास. टॉर्च घरी, कारण 'रोपवेनेच तर जायचंय'. मोबाइलच्या उजेडात सातशे मीटर उतरलो. ओल्या पानांच्या थराखाली दगड आहे की खड्डा ते कळत नव्हतं. गुडघ्यावरचा वण अजून आहे. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, चढतानाच खिडकीत विचारून घ्या. आणि टॉर्च बाराही महिने सॅकमध्ये.

आता ग्रिन्येत्ता. तिच्यासाठीच बहुतेक तुम्ही प्रश्न विचारलाय. दक्षिणेची ग्रिन्या, २१८४ मीटर. मोठ्या बहिणीपेक्षा सव्वादोनशे मीटरने बुटकी आणि स्वभावाने कितीतरी तिखट. लेकोच्या गिर्यारोहकांची ही तालीम. रिकार्दो कासिन हा नावाजलेला गिर्यारोहक इथेच घडला, १९४६ साली स्थापन झालेले लेकोचे 'कोळी' (जाळं विणणारे), म्हणजे रान्यी दि लेको हा लाल स्वेटरवाल्यांचा गट, इथेच वाढला. वाल्तेर बोनात्ती तरुणपणी मिलानच्या बाजूने येऊन याच सुळक्यांवर हात घासून गेला. सुळक्यांची नावंही मजेशीर: मशरूम, भाला, सुई. लिओनार्दो दा विंचीनेही मांदेल्लोच्या बाजूने दिसणाऱ्या या डोंगरांबद्दल लिहून ठेवलंय की या मुलुखात सर्वांत जास्त उघडे दगड इथेच आहेत.

सुरुवात प्यानी रेसिनेल्लीहून, साधारण १२८० मीटर. लेकोहून तिथवर बस जाते, पण फेऱ्या मोजक्या. चेर्मेनाती धार ही नेहमीची वाट, सातव्या क्रमांकाची. ती खालून एखाद्या किल्ल्याच्या सोंडेसारखी दिसते, सरळ, गवताळ, लांबलचक. नऊशे मीटरचा चढ, अडीच-तीन तास. पहिला दीड तास फक्त दमसास. सावली नाही, पाणी नाही, जुलैमध्ये नऊ वाजता पाठ भाजते. मग धार अरुंद होते, दोन्ही बाजूंना सुळके उभे राहतात, आणि शेवटच्या टप्प्यात साखळ्या लागतात.

यातली एक जागा जवळून दाखवतो. माथ्याच्या खाली पांढरट दगडाचा एक पट्टा आहे, तीनेक मीटरचा. बाजूला साखळी. दगडात पाऊल मावेल अशा तीन खोबणी, तिन्ही झिजून चकाकणाऱ्या, ऊन पडलं की भांड्यासारख्या लखलखतात. गेल्या ऑक्टोबरात तिथे दोन मुलं अडकली होती. मागून मराठी ऐकू आलं, 'अरे तू आधी हो पुढे.' पायात धावायचे बूट, तळवा सपाट. दोघंही साखळीला लोंबकळून स्वतःला वर ओढत होती, पाय मागे सटकत होते. मी म्हटलं, साखळी सोडा. दोघांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. साखळी तोल सांभाळायला असते, वजन टांगायला नाही. एका हाताने ती धरायची, पण ढकलायचं पायांनी. चकाकणारी खोबण टाळून तिच्या शेजारी बोटभर रुंदीचा खडबडीत दगड असतो, त्यावर बुटाचं टोक ठेवायचं. टाच खाली, पोट दगडापासून दूर. दोन मिनिटांत दोघं वर. माथ्यावर त्यांनी मला बाकरवडी दिली, आणि २१८४ मीटरवर ती खाल्लेली मला आजवरची सर्वांत कुरकुरीत बाकरवडी वाटली.

माथ्यावर धातूचा एक छोटा निवारा आहे, बिवाक्को फेर्रारियो. चंद्रावर उतरणाऱ्या यानासारखा दिसतो. वादळात आसरा म्हणून ठीक, मुक्कामासाठी नाही. पश्चिमेला मोंते रोझाची पांढरी भिंत, ईशान्येला दिझग्रात्सिया आणि बेर्निना, खाली तलावाची लेकोकडची फाट. उतरताना त्याच वाटेने या. सेगांतिनी धार नावाची दुसरी वाट नकाशावर जवळची आणि मोहाची दिसते, पण ती प्रस्तरारोहणाची आहे. तिथे दोर लागतो आणि तो वापरता येणारा जोडीदारही. दिरेत्तिस्सिमा ही सुळक्यांच्या पोटातून जाणारी शिड्या-साखळ्यांची वाट फार सुंदर आहे, पण तीन-चार वेळा इथे येऊन गेल्यानंतर, कोरड्या दिवशी आणि डोक्यावर हेल्मेट घालून.

ग्रिन्योने उलट दमाचा डोंगर. माथ्यावरच ब्रिओस्की रेफुजिओ आहे, म्हणजे दाराबाहेर चार पावलांवर शिखर. बालीझियोहून प्यालेराल मार्गे जाणारी वाट लांब आणि सरळ, साडेचार-पाच तास वर. उत्तरेकडून, काइनाल्लोच्या बाजूने बोगानी रेफुजिओवरून गेलात तर चढ कमी आणि मोंकोदेनोचं ते पोखरलेलं रान बघायला मिळतं. शक्य असेल तर एक रात्र वर काढा. सूर्य मावळल्यावर मिलानच्या मैदानातले दिवे लागायला लागतात आणि कोकणकड्यावरून दिसणाऱ्या कोकणातल्या दिव्यांची आठवण येते, फक्त शंभर पटीने. शनिवारी आधी फोन करून जागा ठेवावी लागते, आणि स्लीपिंग बॅगच्या आतली चादर आपली आपण न्यायची.

'थंडीत जाता येतं का' याचं उत्तर इथेच देतो, कारण ग्रिन्योनेच थंडीत सर्वांत जास्त फसवते. दक्षिणेकडून बघितलं तर डोंगर कोरडा दिसतो. उत्तरेच्या नाळांत मेपर्यंत बर्फ असतो. एकदा एप्रिलअखेर मी त्या बाजूने गेलो होतो, पायात पकडीसाठी रबरावर चढवायचे छोटे खिळे होते, फक्त तेवढेच. शेवटच्या दीडशे मीटरला उतार उभा झाला आणि बर्फ काचेसारखा टणक. बूट मारला तर नुसता खणखण आवाज. मी तिथे दहा मिनिटं उभा राहिलो. वर रेफुजिओचं छप्पर दिसत होतं, धूरही. खाली चारशे मीटर मोकळा उतार. परत फिरलो आणि दिवसभर स्वतःवर चिडलो. दोन आठवड्यांनी एका जुन्या सभासदाला हे सांगितलं तर तो म्हणाला, बरं केलंस, त्या जागी घसरलेला माणूस थांबत नाही. नोव्हेंबर ते मे दोन हजारांच्या वर जायचं तर बाराकाट्यांचे क्रॅम्पॉन आणि आइस अॅक्स हवेत. आणि दोन्ही वापरायला आधी शिकायचं, काईच्या शाखा दर हिवाळ्यात असे वर्ग घेतात. हिमप्रपाताचा धोका असलेल्या बर्फात फिरताना गाडलेल्या माणसाचा माग काढणारं शोधयंत्र, फावडं आणि बर्फात खुपसून बघायची लांब काठी जवळ असणं २०२२पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. तोवर थंडीत खालचे डोंगर करा. डिसेंबर-जानेवारीत फोह्न, म्हणजे आल्प्सवरून खाली उतरणारा कोरडा वारा सुटून हवा धुतली गेली की बार्रोच्या माथ्यावरूनही मैदानापलीकडचे आपेनिन डोंगर दिसतात. जुलैच्या धुरकट दिवशी ग्रिन्येत्तावरून दिसत नाही ते इथे नऊशे मीटरवर फुकट.

उन्हाळ्याचं हवामान. पो नदीच्या मैदानातली दमट गरम हवा दुपारकडे या डोंगरांना येऊन धडकते, कारण वाटेत आडवे येणारे पहिले डोंगर हेच. अकरापर्यंत माथ्यावर धुकं चढतं, दोन-तीननंतर गडगडाट. साखळ्यांच्या धारेवर वीज म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून सहाची गाडी, दहाला माथा, एकला झाडीत परत. मराठी मंडळींचा आठ वाजता पोहे खाऊन निघायचा रिवाज इथे जून ते ऑगस्ट बंद. धुक्यात वाट हरवली तर शेवटच्या लाल-पांढऱ्या खुणेपाशी परत जा आणि तिथून शोधा, अंदाजाने पुढे जाऊ नका.

गाइड लागतो का? वर सांगितलेल्या नेहमीच्या वाटांना, कोरड्या ऋतूत, तुमच्या अनुभवाला नाही. फेराता पहिल्यांदा करताना आणि बर्फात पहिल्यांदा जाताना, हो. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे काईचं सभासदत्व. त्यात डोंगरातल्या बचावकार्याचा विमा येतो, रेफुजिओत सवलत मिळते आणि रविवारच्या सहलींना जाता येतं. विमा ही चैन नाही. लोंबार्दी प्रांतात जखम नसताना, नुसतं दमलो किंवा घाबरलो म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं तर खर्चाचा वाटा तुमच्या माथी येऊ शकतो. संकटात ११२ फिरवायचा. 'व्हेअर आर यू' हे अॅप फोनवर आधीच टाकून ठेवा, त्यातून कॉल केला की तुमची जागा आपोआप कळते. हेलिकॉप्टर दिसल्यावर आनंदाने हात हलवू नका. दोन्ही हात वर म्हणजे 'हो, मदत हवी', एक वर एक खाली म्हणजे 'नको'. आवाजाने किंवा टॉर्चने खूण करायची तर मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

साप आहेत, व्हायपर, पण ते तुमच्या आधी पळतात. गोचिडी मात्र पळत नाहीत. एप्रिल ते ऑक्टोबर खालच्या गवतातून आल्यावर घरी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, सिगारेट, कांदा, काही नको. पुढचे काही आठवडे तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरकडे.

खाण्याचं सांगतो, कारण शाकाहारी मुलं इथे उगाच उपाशी राहतात. रेफुजिओत पोलेंता असतेच. मक्याच्या पिठाची उकड समजा, गव्हाळ-काळसर दिसली तर त्यात बकव्हीटचं पीठ आहे. 'पोलेंता ए फोर्माज्जो' म्हटलं की चीजबरोबर मिळते. मिनेस्त्रोने भाज्यांचं सूप असलं तरी त्यात मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. लोणच्याची छोटी बाटली खिशात असेल तर पोलेंतेचं सोनं होतं. आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला 'साल्वे' म्हणायचं. शहरात शेजारी बोलत नाही, पण हजार मीटरच्या वर सगळे बोलतात.

आई-बाबांचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा शत्रू उतार असतो, चढ नव्हे. म्हणून जिथे उतरायचं नाही अशा जागा निवडा. रोपवेने प्यानी देर्ना: वर पोचलं की तलाव समोर आणि रेसेगोनेची भिंत डोक्यावर. प्यानी रेसिनेल्लीला बसने जाऊन वालेंतिनो पार्कमधून अर्धापाऊण तास सावलीतून चाललं की कड्याच्या पुढे काढलेला धातूचा सज्जा येतो. त्यावर उभं राहिलं की तलाव सरळ हजार मीटर खाली. आईला उंचीची भीती असेल तर सज्जाच्या अलीकडच्या बाकावरूनही तेच दिसतं. कोमोच्या बाजूला जायचं तर १८९४ सालापासून चालणारी ब्रुनातेची फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे, सात मिनिटांत वर.

चिवातेच्या वरचं सान प्येत्रो अल मोंते मात्र बाबांच्या गुडघ्यांशी बोलून ठरवा. हजारेक वर्षांपूर्वीचं, आतून चित्रांनी भरलेलं, रानाच्या उघडीपीत उभं असलेलं देऊळ म्हणा. तिथे गाडी जात नाही, दगडी पायवाटेने तासभर चढावंच लागतं. माझे वडील सत्तरीत, दोन काठ्या घेऊन गेले होते. उतरताना त्यांना दीड तास लागला. अंगणातल्या कठड्यावर बसून खालची तळी बघत त्यांनी डबा उघडला, घडीच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी, आणि शेजारच्या इटालियन आजींना त्यातली निम्मी भाजी वाढून टाकली. चर्च उघडं असायच्या वेळा ठरलेल्या असतात, निघण्याआधी बघून घ्या.